गाव आणि शहर यांच्या मध्ये

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकजण तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावांतून येथे आला आहात. ‘तुमचे गाव कोणते?’ असे कोणी विचारले की आपण गावाचे नाव सांगतो आणि लगेच जवळच्या मोठ्या शहराचे नाव त्याला जोडतो. मीही अनेक वर्षे तसेच करीत असे. त्या संकोचाविषयी आणि त्यातूनच मला गवसलेल्या अभ्यासविषयाविषयी आज बोलावयाचे आहे.

माझ्या गावात एस.टी. स्थानक होते, जिनिंग कारखाना होता. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा होता. खेड्यातील नातेवाईक आम्हांला शहरी समजत, तर जिल्ह्याच्या ठिकाणी शिकावयास गेल्यावर तेथील मुले खेडवळ म्हणून हसत. पदवीनंतर मी दोनदा नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो आणि दोन्ही वेळा अनुत्तीर्ण झालो. ‘आता पुढे काय?’ या वडिलांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे बँकेत अधिकाऱ्याची नोकरी मिळाली आणि नेमणूक झाली पश्चिम बंगालमध्ये.

आमच्या शाखेच्या कार्यक्षेत्रात एक दाट वस्ती होती. दुकाने, लहान कारखाने, भाड्याच्या खोल्या, सारे होते, गटारे नव्हती. कर्जासाठी आलेल्या एका दुकानदाराला मी नगरपालिकेविषयी विचारले. तो म्हणाला, “साहेब, नगरपालिका नाही, पंचायत आहे. जनगणनेत आम्ही शहर आणि कारभारात गाव.” परप्रांतातील त्या माणसाने जणू माझ्याच गावाचे वर्णन केले होते.

जनगणना नगरांचा प्रश्न

किमान 5,000 लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती व्यवसायांत आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 लोकांची घनता, या तीन कसोट्यांना उतरणारी, परंतु नगरपालिका वा तत्सम वैधानिक नागरी संस्था नसलेली वस्ती म्हणजे जनगणना नगर. 2001 मध्ये देशात अशी 1,362 नगरे होती. 2011 मध्ये ती 3,894 झाली. पश्चिम बंगालमध्ये ही संख्या 252 वरून 780 वर, तर केरळमध्ये 99 वरून 461 वर गेली.

74 व्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद 243 थ अन्वये, ग्रामीणाकडून नागरी होत असलेल्या क्षेत्रासाठी नगर पंचायतीची तरतूद केली. तथापि दर्जा देण्याचा निर्णय राज्याचा असतो. नागरी दर्जा मिळाला की कर वाढण्याची आणि ग्रामीण योजनांचा लाभ थांबण्याची भीती स्थानिकांना वाटते. तो मिळाला नाही, तर सांडपाणी, घनकचरा आणि बांधकाम नियंत्रण यांचा भार अपुऱ्या साधनांच्या पंचायतीवर पडतो.

वळणाची वाट

याच प्रश्नावर काम करावयाचे असे ठरवून, सात वर्षांनी मी बँक सोडली. घरी नाराजी झाली, उत्पन्न निम्म्यावर आले. सोबतचे मित्र बढत्या घेत असताना मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी प्रबंध लिहीत होतो. हा निर्णय सर्वांना परवडेल, असे मी म्हणणार नाही. बँकेतील बचत नसती तर मलाही परवडला नसता.

तुमच्या अभ्यासक्रमातील ‘गाडगीळ सूत्र’ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या धनंजयराव गाडगीळांचा मार्ग पाहा. केंब्रिजमधील शिक्षणानंतर ते सुरतेत प्राचार्य झाले. 1930 पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची त्यांनी उभारणी केली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले आणि 1967 मध्ये योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पदे बदलली, तरी ग्रामीण अर्थव्यवहाराचा त्यांचा शोध सुटला नाही.

आपणांस माझे सांगणे एवढेच. परीक्षेचे किती प्रयत्न करावयाचे, हे आधी ठरवा आणि चरितार्थाची दुसरी वाट मोकळी ठेवा. त्याबरोबर एक अभ्यास करा. आपल्या जिल्ह्याची जनगणना पुस्तिका काढून तीत आपले गाव शोधा. 2001 आणि 2011 चे आकडे शेजारी मांडा. लोक कोणत्या व्यवसायाकडे वळले, कोणत्या सोयी आल्या, कोणत्या आल्या नाहीत, हे लिहून काढा. निबंधाला वा मुलाखतीला त्याचा उपयोग होईलच. शिवाय ज्या गावाचे नाव सांगताना आपण अडखळतो, ते देशाच्या एका मोठ्या स्थित्यंतराचा भाग आहे, हेही ध्यानात येईल.

माझे गाव आजही ग्रामपंचायतीचेच आहे. कोणी विचारले तर आता मी त्याचे नाव सांगतो आणि पुढे दुसऱ्या शहराचे नाव जोडीत नाही.