विमानप्रवासाचें भय

आकाशांतून संचार करण्याची हौस मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. रामायणकारांनीं लंकेहून अयोध्येस परतणाऱ्या रामचंद्रांना पुष्पक विमानांत बसविलें, आणि वारकऱ्यांच्या परंपरेनें तुकोबांच्या वैकुंठगमनासाठीं विमानच आणिलें. परंतु कल्पनेंत जें रम्य वाटतें तें प्रत्यक्ष दारीं येऊन उभें राहिलें म्हणजे मनुष्य बिचकतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाचें लहानसें विमान कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर आणून उतरविलें. त्या गोष्टीला नव्वदांहून अधिक वर्षें लोटलीं. विमान ही आतां केवळ श्रीमंतांची चैन राहिलेली नाहीं. शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांतूनहि कोणी ना कोणी विमानानें जातच असतें. तरीहि याच घरांत एखादें असें माणूस असतें, कीं तिकीट निघाल्या दिवसापासून ज्याची झोंप उडते.

अशा माणसाची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती बरी नव्हे. मुलगी परदेशीं असते, तिचें बाळंतपण जवळ येतें. "आई, तूं आलीस म्हणजे मला धीर येईल," असें ती कळविते. आई प्रकृतीचें निमित्त सांगते, घर कोण सांभाळील असें विचारते, आणि जाणें टाळते. खरें कारण ती कोणाजवळहि बोलत नाहीं. नातवंड दोन वर्षांचें होतें, चार वर्षांचें होतें. आजी त्याला कांचेच्या पडद्यावरच पाहते. भयाची किंमत ही अशी घरांतल्या घरांत द्यावी लागते.

हें भय केवळ अजाण माणसांना ग्रासतें असेंहि नाहीं. आकाशगंगेंत पसरलेल्या साम्राज्याच्या कथा लिहिणारा अमेरिकन लेखक आयझॅक असिमॉव्ह सबंध आयुष्यांत फक्त दोनदां विमानांत बसला. नेदरलंडचा नामांकित फुटबॉलपटु डेनिस बर्गकॅम्प यानें विमानांत पाऊल न ठेवण्याचा निश्चय केला, आणि त्यापायीं परदेशांतील कित्येक सामन्यांस तो मुकला. एकाच्या बुद्धीनें वा दुसऱ्याच्या धडाडीनें हें भय हटलें नाहीं.

तें अगदींच निराधार आहे असें म्हणणें मात्र प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादहून लंडनला निघालेलें विमान उड्डाण करतांच कोसळलें. त्यांतील २४२ जणांपैकीं अवघा एक वाचला. ज्या इमारतींवर तें पडलें तेथील माणसेंहि दगावलीं. तीं चित्रें ज्यांनीं पाहिलीं त्यांच्या मनांतून तीं सहजासहजीं जाणार नाहींत. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. २०२२ या एका सालांत भारतांतील रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं, म्हणजे दररोज सरासरी ४६२. हीं मरणें एकेकटीं, विखुरलेलीं असतात. म्हणून त्यांचें चित्र मनांत उमटत नाहीं. मन हिशेब ठेवीत नाहीं, चित्रें सांठवितें. ११ सप्टेंबर २००१ च्या घटनेनंतर अमेरिकेंत पुष्कळ लोकांनीं विमान सोडून मोटारीची वाट धरली. पुढील वर्षभरांत त्यामुळें रस्त्यांवर सुमारें १,५०० माणसें नेहमींपेक्षां अधिक मेलीं, असा हिशेब गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञानें मांडला आहे. भयानें दाखविलेली वाट सुरक्षित असतेच असें नाहीं.

तथापि आंकड्यांनीं भय जात नाहीं. आंकडा बुद्धीला पटतो, आणि भय शरीरांत वस्ती करून असतें. विमानांतील प्रत्येक आवाज, प्रत्येक हिसका त्याला खाद्य पुरवितो. म्हणून हे आवाज आणि हे हिसके कशाचे, हें आधीं समजून घेणें हिताचें आहे.

विमानानें जमीन सोडली कीं थोड्याच वेळांत पायांखालीं धडधड ऐकूं येते. चाकें पोटांत ओढून घेतल्याचा तो आवाज. पाठोपाठ इंजिनांचा घोष मंदावतो आणि आपण खालीं जात आहों असें वाटतें. वस्तुतः उड्डाणासाठीं लावलेला जोर आतां तितका लागत नाहीं, म्हणून तो कमी केलेला असतो. वेगाची वाढ मंदावतांच कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे तें फसतें. विमान वर चढत असतें आणि इंद्रिय सांगतें कीं आपण पडत आहों.

सर्वांत अधिक घाबरवितात ते आकाशांतील धक्के. लोक त्यांना 'हवेचे खड्डे' म्हणतात, पण हवेंत खड्डा कोठेंच नसतो. नदीच्या पाण्यांत जसे प्रवाह आणि भोवरे असतात, तसेच हवेंतहि असतात. उन्हानें जमीन तापली कीं हवा वर उसळते. डोंगरावर वारा आदळला कीं पलीकडे त्याच्या लाटा उठतात. पावसाळी ढगांच्या पोटांत तर वरखालीं जाणाऱ्या झोतांची झुंजच चाललेली असते. श्रावणांत सह्याद्रीवरून जाणाऱ्या विमानाला हेलकावे बसतात ते यामुळेंच. विमान पोकळींत लोंबकळत असतें ही समजूतहि चुकीची आहे. धांवत्या मोटारीच्या खिडकीबाहेर तळहात धरला तर हवा त्याला केवढ्या जोरानें ढकलते! ताशीं आठशें किलोमीटर वेगानें जाणाऱ्या पंखांना हीच हवा भक्कम आधार देते. प्रवाशाला विमान शेंकडों फूट कोसळल्यासारखें वाटतें, पण तें खालीं आलेलें असतें बहुधा थोडेच फूट. पंख हलतांना दिसतात तेहि मोडण्याच्या बेतांत नसतात. वेळूप्रमाणें वांकावें अशीच त्यांची घडण असते. एका मोठ्या जातीच्या विमानाची २०१० सालीं परीक्षा झाली, तेव्हां उड्डाणांत कधींकाळीं येऊं शकेल अशा कमाल भाराच्या दीडपट भार पंखांवर घातला. त्यांचीं टोंकें सुमारें २५ फूट वर उचललीं गेलीं, आणि पंख शाबूत राहिले. धक्क्यांत इजा होते ती बहुधा पट्टा न बांधणाऱ्यांना. म्हणून बसल्या जागीं पट्टा सदैव बांधलेला असावा.

इंजिन बंद पडलें तर? दोन इंजिनांचें विमान एकावर उडूं शकतें. दोन्ही बंद पडलीं तरी तें दगडासारखें पडत नाहीं, घारीसारखें तरंगत उतरूं लागतें. २३ जुलै १९८३ रोजीं कॅनडांत पौंड आणि किलोग्रॅम यांची हिशेबांत गल्लत होऊन एका विमानाचें इंधन ४१,००० फुटांवर संपलें. वैमानिकांनीं तें तरंगत गिमली येथील जुन्या धांवपट्टीवर उतरविलें, आणि आंतील सर्व ६९ माणसें वाचलीं. कोणी वेड्यासारखें दार उघडील ही धास्तीहि व्यर्थ आहे. आंत सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतका, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून थोड्या अधिक उंचीवरच्या हवेइतका दाब राखलेला असतो. बाहेर तो फारच कमी असल्यामुळें उंचीवर दार माणसाच्या बळानें उघडत नाहीं.

एवढें कळल्यावरहि छाती धडधडेल. त्यासाठीं शरीरालाच शिकवावें लागतें. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीनें सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या लहान मुलावर उपाय केला. मूल आवडीचा खाऊ खात असतां ससा आधीं दूर ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. अखेर मूल सशाला हात लावूं लागलें. जोसेफ वोल्पे यांनीं १९५८ सालीं याच तत्त्वाची पद्धतशीर मांडणी केली. विमानाच्या बाबतींतहि अशाच पायऱ्या कराव्या. आधीं उड्डाणाचीं चित्रें पाहावीं, आवाज ऐकावे. मग कोणाला पोंचवावयास विमानतळावर जावें. नंतर मुंबई-गोवें असा लहान प्रवास सोबतीनें करावा, आणि त्यानंतर समुद्रापार जावें. एका पायरीवर मन स्थिरावल्यावांचून दुसरी चढूं नये. परंतु मागेंहि फिरूं नये. तिकीट रद्द केलें कीं जें हायसें वाटतें, त्यावरच भय पोसतें.

विमानांत पंखांजवळची जागा मागून घ्यावी. तेथें हेलकावे कमी जाणवतात. शक्यतों सकाळचें विमान धरावें, कारण तेव्हां जमीन तापलेली नसते. धक्के बसूं लागले कीं खुर्चीचे हात आवळून धरूं नयेत. खांदे सैल सोडावे, चार अंक मोजीत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजीत सोडावा. आपल्याला भीति वाटते हें हवाई सुंदरीला आधींच सांगून ठेवण्यांत कमीपणा नाहीं. चहा-कॉफी बेतानें घ्यावी, मद्य टाळावें, आणि झोंपेची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. भय फारच बळावलेलें असेल तर मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जावें; दांत दुखला तर आपण दांतांच्या डॉक्टरांकडे जातोंच कीं नाहीं?

घरच्यांचें कर्तव्यहि लहान नाहीं. "त्यांत काय भ्यायचें?" या प्रश्नानें कोणाचेंहि भय कमी झालेलें नाहीं. त्यापेक्षां शेजारीं बसावें, पुढें कोणता आवाज येणार तें आधीं सांगावें, आणि धक्के थांबेपर्यंत साध्या गोष्टी बोलत राहावें.

भय समूळ गेल्यावर प्रवास करूं असें म्हणणाऱ्याचा प्रवास राहून जातो. भयासहित निघावें, तें वाटेंत थकतें. परतीच्या प्रवासांत तें बहुधा निम्में झालेलें आढळेल. त्यानंतर मात्र वर्षानुवर्षें घरीं बसूं नये. शरीरानें मिळविलेलें ज्ञान उजळणीवांचून टिकत नाहीं. म्हणून पहिल्या प्रवासाहून परत येतांच दुसऱ्याचा दिवस ठरवून टाकावा, हें उत्तम.