पुणे नभोवाणी केंद्र : थोडी हकीकत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सकाळच्या बातम्यांवर घड्याळ लावावे, ही आपल्या घरोघरची जुनी रीत. ज्या केंद्राने ही सवय लावली त्याची हकीकत मात्र क्वचितच कोणी सांगतो. म्हणून आजच्या भाषणास आम्ही हाच विषय घेतला आहे.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्या काळी नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे होते. त्यांनी चित्रपटगीतांस नभोवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला ती चूक निस्तरावी लागली. परंतु त्याच धोरणामुळे केंद्रांना स्वतःचे सुगम संगीत निर्माण करणे भाग पडले, हेही विसरता येत नाही.

१ एप्रिल १९५५ या रामनवमीस पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. योजना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वर सुधीर फडके यांचे. आठवड्यास एक गीत, म्हणजे वर्षाची ५२ व्हावयाची. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि गीते ५६ झाली! माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे अशी कितीतरी मंडळी त्यात गायिली. वाडवडील सांगत की, गाण्याच्या वेळी रेडिओस हार घालीत. पुण्याची वृत्तपत्रे नवे गीत छापीत.

हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र आमच्या मते या केंद्राचे त्याहून मोठे कार्य १९५६ सालचे, आणि ते आज कोणाच्या गावीही नाही. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. चावडीत किंवा शाळेत जमून तो ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, आणि शंका लिहून पुण्यास पाठवायच्या. त्यांची उत्तरे पुन्हा नभोवाणीवरून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली, तीही शिस्तीने : मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि दोन्ही नसलेली गावे यांची तुलना करून. मंडळांच्या गावी लोकांचे ज्ञान स्पष्टपणे अधिक वाढलेले आढळले. आम्ही आयुष्यभर खडू धरला; नुसते ऐकणे आणि ऐकून बोलणे यांतले अंतर आम्हांस कोणी समजावून सांगावयास नको. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली. व्यंकटेश माडगूळकरांनीही याच केंद्राच्या ग्रामीण विभागात दीर्घकाळ काम केले.

हे साधले ते मध्यम लहरींमुळे. ७९२ किलोहर्ट्‌झची ती लहर जमिनीस धरून जाते, म्हणून डोंगराआडच्या वस्तीवरही साधा संच ती पकडतो. आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते, आणि विजेचा कडकडाटही तीच उंची बिघडवितो. पावसाळ्यात संच खरखरे तो यामुळेच. एफ.एम.चा आवाज निर्मळ खरा, पण त्याची धाव तोकडी.

जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा आदेश निघाला. नागरिकांनी व लोकप्रतिनिधींनी विरोध केला, तेव्हा त्यास स्थगिती मिळाली. स्थगिती आणि रद्द हे दोन निरनिराळे शब्द आहेत, एवढेच आम्ही येथे म्हणतो.

एक विनंती आहे. प्रत्येक श्रोतामंडळाचा एक निमंत्रक असे आणि तो चर्चेची टिपणे ठेवी. आपल्यापैकी ज्यांची मूळ घरे खेड्यांत आहेत, त्यांनी माळ्यावरील जुने दप्तर एकदा उघडून पाहावे. १९५६ सालची अशी एखादी वही, अथवा वडिलांच्या नावचे रेडिओ-परवान्याचे पुस्तक आढळल्यास रद्दीत न घालता मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावे. वही जीर्ण असली तरी चालेल. तिची नक्कल आम्ही स्वहस्ते करून मूळ वही परत करू.