देवनार येथील भाषण : लेकरांचा हक्क



१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनास बजावले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, तर तिच्या लेकरांस प्राथमिक शिक्षण सक्तीने द्या. १९१७ साली शाहू छत्रपतींनी करवीरात ते मोफत व सक्तीचे केले. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास हा हक्क दिला.

तरी देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर कोवळ्या हातांनी भंगारच वेचले!

ध्यानात ठेवा : जन्मदाखला नाही म्हणून शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. वय वाढले असल्यास वयाला साजेशा इयत्तेत घ्यावेच लागते. हे ज्यास ठाऊक नाही, त्यास कोणीही दारातून परतवितो. म्हणून मायबापहो, पोराचा, तसाच पोरीचाही हात धरून शाळेत जा. भीक नव्हे, हक्क मागा.