साथीवाचून गायन आणि सरकणारा षड्ज

आपल्याकडील गवई मैफलीस बसला म्हणजे तंबोऱ्याचा षड्ज त्याच्या पाठीशी अखंड उभा असतो. तानेच्या ओघात तो कितीही दूर गेला, तरी परत कोठे यावयाचे हे तंबोरा त्यास सांगतच असतो. युरोपातील वाद्यविरहित समूहगायनास हा आधार नाही. त्या गायनास इटालियन भाषेत ‘आ कापेल्ला’, म्हणजे ‘प्रार्थनामंदिराच्या रीतीचे’, असे म्हणतात. आरंभी नादकाट्यावर अगर लहानशा स्वरनळीवर सूर घ्यावयाचा. पुढे स्त्रियांचे व पुरुषांचे उंच-खर्ज आवाज एकाच वेळी निरनिराळे स्वर गाऊन स्वरमेळ साधतात, आणि सर्वांचा भरवसा एकमेकांच्या कानांवर असतो.

अशा रचनेत मध्येच षड्ज बदलावयाचा असेल, तर गायकांची खरी परीक्षा होते. समजा, मूळचा पंचम हा नवा षड्ज करावयाचा आहे. वरवर पाहता काम सोपे दिसते. सात स्वरांपैकी सहा स्वर जुन्या व नव्या सप्तकांत समाईक असून एकटा मध्यम तेवढा तीव्र होतो. हा तीव्र मध्यम म्हणजेच नव्या षड्जाचा शुद्ध निषाद. तो ज्या आवाजाच्या वाट्यास येतो, त्याने तो मध्यम म्हणून भीत भीत न गाता, निषाद म्हणून नव्या षड्जाकडे झुकवून गावा, म्हणजे सारा वृंद नव्या घरी सुखरूप पोचतो.

परंतु समाईक म्हटलेल्या त्या सहा स्वरांत एक जण दुटप्पी आहे. षड्जाची आंदोलने सेकंदास २४० धरली, तर त्याच्याशी गोड मिळणारा धैवत ४०० चा होतो. पंचम ३६० चा. आता या पंचमास षड्ज मानले, तर त्याचा ऋषभ ४०५ चा येतो. जागा एकच, परंतु जुन्या घरी ४००, नव्या घरी ४०५!

याचा परिणाम काय होतो, तो पाहा. एका आवाजाने स्वर धरून ठेवावा, दुसऱ्याने त्याच्याशी अगदी शुद्ध मिळणारा स्वर लावावा, मग तो धरून पुढचा मिळवावा, असा क्रम घेऊ. षड्ज २४०, त्यावर पंचम ३६०, त्या पंचमाखाली षड्ज-मध्यम संवादाने ऋषभ २७०, ऋषभावर षड्ज-पंचम संवादाने धैवत ४०५, आणि त्या धैवताशी ३ : ५ या प्रमाणात मिळणारा खालचा षड्ज २४३! कोणीही बेसूर झाला नाही, तरीही षड्ज तीन आंदोलनांनी वर सरकला. हाच फेरा पाच वेळा झाला, तर षड्ज २५५ च्याही वर जातो, म्हणजे जवळजवळ कोमल ऋषभावर येऊन बसतो. याच मार्गाने उलट फिरल्यास तो तितक्याच प्रमाणात उतरतो.

हे कोडे इटलीतील गणिती जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्ती यांनी संगीतरचनाकार चिप्रियानो दे रोरे यांस लिहिलेल्या पत्रांत मांडले. ती पत्रे १५८५ साली त्यांच्या ग्रंथात छापली गेली. आपल्याकडील अभ्यासकांसही हे ८१ : ८० चे अंतर परके नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्राम व मध्यमग्राम यांच्या पंचमांतील फरकास प्रमाणश्रुती म्हटले आहे, आणि अनेक विद्वान तिचे मान हेच धरतात.

पेटी किंवा पियानो यांवर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे प्रत्येक स्वर थोडाथोडा अशुद्ध करून आधीच तडजोड केलेली असते. मानवी कंठास अशी सक्ती नाही. तो शुद्ध मेळाकडेच ओढ घेतो. इंग्लंडातील यॉर्क विद्यापीठाचे डेव्हिड हॉवर्ड यांनी षड्ज बदलत जाणारी रचना मुद्दाम चार गायकांकडून साथीवाचून गाववून घेतली व तिचे मोजमाप केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात शुद्ध मेळाकडे हा कल आणि त्याबरोबर सरकणारी पट्टी दोन्ही नोंदलेली आहेत.

मग वृंदाच्या शिक्षकाने करावे काय? गाणे आरंभापासून अखेरपर्यंत साथीवाचूनच असेल, तर किंचित सरकलेली पट्टी बहुतेक श्रोत्यांस कळतही नाही. परंतु मध्येच ऑर्गन वाजू लागणार असेल, तर तेवढाच फरक उघडा पडतो व सारी मेहनत वाया जाते. तेथे दीर्घकाळ टिकणारे मेळ शुद्ध ठेवून, ती तीन आंदोलने जलद सरणाऱ्या स्वरांत वाटून टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. मात्र पट्टी सरकली की लगेच गायकांच्या कानांस दोष देण्याची घाई कोणीही करू नये. पुष्कळदा त्यांचे कान चोख असतात, म्हणूनच षड्ज सरकलेला असतो.