तेलाच्या डब्याएवढा संगणक



गेल्या पावसाळ्यात पुण्यातले एक डीटीपीवाले गृहस्थ माझ्याकडे आले. पेठेतला त्यांचा वाडा पुनर्विकासाला गेलेला, आणि तोवर मुक्काम भाड्याच्या दोन खोल्यांत. वाड्यात त्यांचे तीन संगणक होते. एक जुना, विंडोज एक्सपीचा. त्यावर पेजमेकर आणि जुन्या वळणाचे मराठी फॉन्ट, कारण वीस वर्षांचे दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका सगळं त्या फॉन्टमध्ये अडकलेलं. युनिकोडमध्ये उघडलं की अक्षरांची नुसती भेळ. दुसरा मुलाचा, खेळांसाठी बांधलेला. काचेचं दार, आत रंगीबेरंगी दिवे, आणि आकार म्हणाल तर गोदरेजच्या कपाटाचा धाकटा भाऊ. तिसरा अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीनं लिनक्ससाठी जुन्या बाजारातून आणलेला. नव्या जागेत टेबल मात्र एकच. ते म्हणाले, "साहेब, या तिघांना एका पेटीत बसवून द्या. आणि पेटी छोटी हवी."

बसवता येतं. पण यात फसायच्या जागा बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या काहींत मी स्वतः फसलेलो आहे.

आधी आभासी यंत्राबद्दल, ज्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. घरात पोटभाडेकरू ठेवावा तसा हा प्रकार असतो. खरा संगणक हा घरमालक. त्याच्या एका खिडकीत दुसरा, पूर्ण वेगळा संगणक चालतो. त्याची विंडोज किंवा लिनक्स वेगळी, त्याच्या फायली वेगळ्या. त्याला मालकानं खोली, पाणी, वीज तोडून द्यायची, म्हणजे थोडी रॅम, प्रोसेसरचे काही कोअर आणि डिस्कवर थोडी जागा. कल्पना काही आजची नाही. आयबीएमनं १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावाची अशीच प्रणाली मोठ्या यंत्रांसाठी जाहीर केली होती. घरगुती चिपमध्ये यासाठीची खास सोय इंटेलनं २००५ मध्ये आणि एएमडीनं २००६ मध्ये आणली. त्यामुळे आज दुकानात मिळणारा जवळपास कुठलाही प्रोसेसर हे काम करतो.

मग "माझ्याकडे चालतच नाही" अशी तक्रार का येते? बहुतेक वेळा ती सोय बायोसमध्ये बंद असते. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून आत जायचं. इंटेलच्या बोर्डावर "व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी" आणि एएमडीच्या बोर्डावर "एसव्हीएम मोड" असं लिहिलेलं सापडेल. ते चालू करायचं. झालं की नाही हे पाहायला विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू निवडा. तिथे "व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड" दिसलं पाहिजे. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक नवा संगणक घ्यायला निघतात, म्हणून आधी सांगितलं.

आता पेटीचा आकार. छोट्या कॅबिनेटचा हिशेब लिटरमध्ये करतात. नेहमीचं उभं कॅबिनेट ४० ते ५० लिटरचं असतं. किराणा दुकानातला पंधरा लिटरचा तेलाचा डबा डोळ्यासमोर आणा. तसे तीन डबे. छोटं कॅबिनेट म्हणजे वीस लिटरच्या आतलं, डबा-सव्वा डबा. त्यात बसणारा मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा, १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. व्हिया या तैवानी कंपनीनं २००१ मध्ये आणलेलं हे माप. तुमची वीत त्याच्याहून मोठी भरेल. नेहमीचा मोठा बोर्ड शाळेतल्या फूटपट्टीएवढा लांब असतो.

हा आकार कमी होताना नेमकं काय गेलं, हे समजणं सगळ्यात महत्त्वाचं. त्या वीतभर बोर्डावर रॅमच्या खाचा दोनच असतात, आणि ग्राफिक्स कार्डाची खाच एकच. मोठ्या कॅबिनेटमध्ये चुकलं तर "पुढच्या दिवाळीला आणखी एक रॅम टाकू" असं म्हणता येतं. इथे टाकायला जागाच नसते, काढून टाकून नवं घ्यावं लागतं. वाड्यात मागे एखादी खोली काढता येते, फ्लॅटमध्ये नाही. म्हणून छोटा संगणक घेताना दोन-तीन वर्षांनी काय लागेल ते आजच ठरवावं लागतं.

रॅमचंच बघा. आमच्या डीटीपीवाल्यांचा हिशेब असा होता. खेळ आणि घरमालक विंडोज मिळून १६ ते २० जीबी. एक्सपीच्या आभासी यंत्राला २ जीबी डोक्यावरून पाणी. ३२ बिटांची एक्सपी चार जीबीच्या पुढे जातच नाही. मुलीच्या लिनक्सला ८. म्हणजे ३२ मध्ये बसतं, पण सहा डब्यांच्या लोकलमध्ये बसावं तसं. ६४ असेल तर श्वास घेता येतो. पूर्वी मी बिनदिक्कत ३२-३२ च्या दोन पट्ट्या सांगायचो. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे भडकले आहेत, की आता जरा हात आखडतो. आज ३२ ची एकच पट्टी घ्या, दुसरी खाच रिकामी ठेवा. एकाच पट्टीवर खेळ थोडे मंद चालतात हे खरं. पण १६-१६ च्या दोन घेतल्यात, तर पुढे दोन्ही काढून विकाव्या लागतील. जुन्या संगणकातली डीडीआर-४ रॅम नव्या डीडीआर-५ च्या बोर्डात बसत नाही, हेही सांगून ठेवतो. दुकानदार "बसेल, बसेल" म्हणाला तरी नाही बसत.

आता ज्या गोष्टीवर माझं इंटरनेटवर वाचून येणाऱ्या तरुण मंडळींशी हमखास वाजतं, ती. त्यांनी कुठेतरी पाहिलेलं असतं की घरमालक लिनक्स ठेवायचं, खेळांसाठी आत विंडोजचं आभासी यंत्र करायचं, आणि ग्राफिक्स कार्ड थेट त्या भाडेकरूच्या ताब्यात द्यायचं. याला पासथ्रू म्हणतात. ते होतं, आणि जमलं की वेगही छान मिळतो. पण छोट्या पेटीत कार्डाची खाच एकच. ते कार्ड भाडेकरूला दिलं की घरमालक आंधळा. मग प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असावं लागतं, आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं त्यात ते नसतं. दोन पैसे स्वस्त म्हणून लोक नेमका तोच उचलतात. एनव्हिडियाचे ड्रायव्हर तर २०२१ पर्यंत आभासी यंत्रात आहोत असं दिसलं की "कोड ४३" चूक दाखवून घरगुती कार्ड बंदच करायचे. आता ती अडवणूक गेली. पण खेळांची स्वतःची राखण आहेच. व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड ही फसवणूकरोधक यंत्रणा आभासी यंत्रात खेळ चालूच देत नाही. मित्र खेळतात तोच खेळ चालत नसेल तर मुलाला कार्डाचं काय कौतुक?

म्हणून मी पाटावरची माणसं बदलतो. खेळ घरमालक, काम भाडेकरू. विंडोज ११ मुख्य, कार्ड तिच्याकडे, खेळ थेट तिच्यावर. एक्सपी आणि लिनक्स आत. पेजमेकरला कार्डाची गरज नाही आणि लिनक्स शिकायलाही नाही. पासथ्रूचा सगळा खटाटोप संपला. ज्याला तो खटाटोप हाच छंद आहे त्यानं जरूर करावा, पण मोठं कॅबिनेट ठेवून.

आभासी यंत्र चालवायला काय वापरायचं? विंडोजमध्ये हायपर-व्ही येतं, पण होम आवृत्तीत नसतं, प्रो लागते. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून फुकट झालं आहे. मी या घरासाठी व्हर्च्युअलबॉक्स निवडलं, आणि कारण होतं डोंगल. जुन्या मराठी सॉफ्टवेअरबरोबर एक लॉक यायचं. ते जोडल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत. यूएसबीचं लॉक व्हर्च्युअलबॉक्समध्ये भाडेकरूच्या हातात देता येतं. हायपर-व्हीमध्ये तशी सरळ सोय नाही. मात्र तुमचं लॉक त्याहून जुनं, प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागणारं असेल, तर नव्या बोर्डाला ते पोर्टच नाही. तिथे माझा सल्ला साधा आहे, जुनं यंत्र ठेवा. हट्ट नको.

एक गंमत. व्हर्च्युअलबॉक्स चालू असताना खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं, तर समजा की मागे हायपर-व्ही जागं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या पाठीवर बसून चालावं लागतंय. ते चित्र विनोदानं टाकलेलं असलं तरी वेगाची कल्पना देतं. एक्सपीसारख्या हलक्या भाडेकरूला फरक पडत नाही.

एक्सपीला मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेची डागडुजी देणं थांबवलं. म्हणून त्या आभासी यंत्राचं नेटवर्क काढूनच टाका. फायलींची ने-आण सामायिक फोल्डरमधून करा. आणि त्या आतल्या विंडोजलाही स्वतःचा परवाना लागतो, मालकाच्या भाड्यात तो येत नाही.

आता उष्णतेकडे येतो. परदेशी व्हिडिओंमध्ये खोली बावीस अंशांवर असते. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-अकोल्याला बाहेर पंचेचाळीस असतं. पंख्यानं कितीही हवा फेकली तरी पेटी खोलीपेक्षा थंड होणार नाही. म्हणून छोट्या पेटीत मी दोनशे वॅटच्या वरचं कार्ड घालत नाही, आणि प्रोसेसरला बायोसमध्ये ६५ वॅटची मर्यादा घालतो. एएमडीत याला इको मोड म्हणतात. रायझेन ७ ७८००एक्स३डी हा आठ कोअरचा प्रोसेसर कागदावर १२० वॅटचा आहे, पण मर्यादा घातली तरी खेळात फारसं जाणवत नाही. आठ कोअरमधले दोन-तीन भाडेकरूंना दिले तरी मुलाची कुरकुर येत नाही.

कॅबिनेटच्या भिंती जाळीच्या घ्या. काच दिसायला सुंदर, पण आतल्यांचे हाल. आणि कृपा करून ही पेटी टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवू नका, वर क्रोशाचा रुमाल तर अजिबात नको. मी हे पाहिलेलं आहे.

माझी स्वतःची चूक अशी. पहिल्यांदा छोटा संगणक बांधला तेव्हा प्रोसेसरवरचा कूलर मोजलाच नाही. सगळं जोडून झालं, रात्रीचे अकरा, आणि बाजूचं झाकण बोटभर उघडं. ग्राहकाच्या आई म्हणाल्या, "राहू द्या, वरून वीट ठेवू." तेव्हापासून तीन मापं कागदावर लिहिल्याशिवाय मी काही मागवत नाही: कूलरची उंची, कार्डाची लांबी आणि कार्डाची जाडी. वीज पुरवणारा एसएमपीएससुद्धा छोट्या, एसएफएक्स मापाचाच लागतो. तो नेहमीच्यापेक्षा महाग पडतो. बोर्डही महाग आणि कमी मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मोठे बोर्ड दुकानोदुकानी दिसतात, मिनी-आयटीएक्ससाठी मात्र अनेकदा नाव लिहून थांबावं लागतं. ज्यांना दोन तेलाच्या डब्यांएवढी जागा आहे, त्यांनी मधलं, मायक्रो-एटीएक्स माप पाहावं. त्यात रॅमच्या खाचा बहुधा चार मिळतात आणि पैसेही वाचतात. खरं तर निम्म्या लोकांना मी हेच सुचवतो.

यूपीएस बदलायला विसरू नका. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. खेळ भरात असताना वीज गेली तर तो किंचाळून बंद पडेल. हजार-अकराशे व्हीएचा घ्या. आभासी यंत्राची अख्खी डिस्क म्हणजे मालकाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. ती लिहिता लिहिता वीज गेली तर सगळा संसार एकदम बिघडू शकतो. त्याच फाइलचा फायदाही आहे: महिन्यातून एकदा आभासी यंत्र बंद करून ती फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवली, की फॉन्टसकट, पेजमेकरसकट पूर्ण एक्सपीची प्रत तयार. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट नावाची सोय आहे, पण ती त्याच डिस्कवर राहते. डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला.

आमच्या गृहस्थांची पेटी अठरा लिटरची झाली. पंधरा दिवसांनी फोन आला. मला वाटलं कासवाची तक्रार असणार. ते म्हणाले, "पेटी एक झाली साहेब, पण खुर्चीही एकच झाली." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मुलीच्या लिनक्सला घरच्या वायफायवरून तिच्या लॅपटॉपवरून जोडता येईल अशी व्यवस्था केली. ती आता पलंगावर बसून काम करते आणि मुलाला पत्ताही लागत नाही. वडिलांचं पेजमेकर सकाळी, मुलगा कॉलेजला गेला की.

जुन्या एक्सपीच्या संगणकाचं काय करायचं, हे त्यांनी शेवटी विचारलं. महिनाभर ठेवा म्हटलं, एखादी विसरलेली फाइल निघतेच. नंतर पेटी खुशाल भंगारवाल्याला द्या, पण हार्ड डिस्क आधी काढून घ्या. तिच्यात गिऱ्हाइकांच्या पत्रिका आहेत, पत्ते आहेत, फोन नंबर आहेत. चार स्क्रू काढायचे असतात, दहा मिनिटांचं काम.