गोचीड राहते कुठे?



गाईम्हशी बाळगणाऱ्या घरात गोचीड ठाऊक नाही असा मनुष्य सापडावयाचा नाही. कानाच्या पाळीत, गळ्याखालच्या पोळीत, कासेच्या वरच्या बाजूस, शेपटीच्या बुडाशी रक्त पिऊन टंच झालेली ती करड्या रंगाची गोचीड अगदी एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिन भाषेत तर एरंडाला नावच गोचिडीवरून पडले आहे. इतकी ती जुन्या ओळखीची! परंतु ही गोचीड राहते कुठे, असे विचारले तर बहुतेकजण 'जनावराच्या अंगावर' असेच उत्तर देतील. हे उत्तर अर्धेच खरे आहे. आणि उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे आमच्या घरची एक गाय दगावली.

मी पशुवैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. १९९५ साली मी नववीत होतो. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वडिलांनी कर्ज काढून एक संकरित गाय आणली. गोठ्यात आमची जुनी गावरान गाय होती; तिच्याच शेजारी नव्या गाईची दावण बांधली. मातीच्या भिंतींचा तो गोठा आजोबांच्या वेळचा. गाईंच्या अंगावरील गोचिडी काढण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्या नेमाने काढीत असे आणि काढलेल्या गोचिडी भिंतीच्या कडेला टाकून देत असे. पाऊस सुरू झाल्यावर नव्या गाईने एके दिवशी वैरण सोडली. अंग तापले, डोळ्यांतून पाणी गळू लागले, दूध आटले, खांद्याच्या पुढची गाठ लिंबाएवढी सुजली. तालुक्याच्या गावाहून पशुवैद्य येईपर्यंत चार दिवस गेले होते. त्यांनी गाठीवर हात ठेवताच रोग ओळखला. पण गाईला तोवर श्वास घेणेही जड झाले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली. कर्जाचे हप्ते मात्र पुढे तीन वर्षे चालू राहिले.

त्या रोगाचे नाव थायलेरिया. तो रक्तातील एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि तो परजीवी हायलोमा जातीची गोचीड एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. ही गोचीड आपले सारे आयुष्य जनावरावर काढीत नाही. पोटभर रक्त प्यालेली मादी गळून पडते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीच्या सांदीत शिरते, तेथे काही हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्ले निघतात, जनावरावर चढतात, रक्त पितात; पुढे वाढ पुरी करण्यासाठी कात टाकावयास पुन्हा भेगेत शिरतात आणि आठ पायांची होऊन बाहेर पडतात. उपाशी गोचीड भिंतीत महिनेच्या महिने दबा धरून राहू शकते. म्हणजे जनावराचे अंग ही तिची केवळ खाणावळ होय. घर असते ते भिंतीत. मी नेमाने काढून भिंतीकडेला टाकीत होतो त्या टंच माद्या होत्या. त्यांना मी त्यांच्या घरी पोहोचवीत होतो, असेच म्हणावे लागेल.

मग विष आले कोठून? आमच्या गावरान गाईकडून. देशी जनावरे या रोगाला बरीच दाद देत नाहीत. लहानपणी तो सोसून ती बरी होतात, पण परजीवी रक्तात टिकून राहतो. तिचे रक्त पिऊन भिंतीत गेलेले पिल्लू कात टाकून मोठे झाले आणि नव्या गाईला चावले. निरोगी दिसणाऱ्या गाईने आजारी पाडलेली ती गाय! दोघींमधला दुवा कोणाच्या ध्यानी आला नाही.

हेच कोडे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पडले होते. टेक्सासकडील धडधाकट गुरे उत्तरेकडे नेली की त्यांच्या वाटेवरील गुरे तापाने व लाल लघवीने मरत. १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी प्रयोगांनी सिद्ध केले की हा रोग गोचीडच पसरवते. आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले ते त्यानंतर चार वर्षांनी. टेक्सासची गोचीड निराळ्या जातीची. पिल्लापासून मादी होईपर्यंत ती सुमारे तीन आठवडे एकाच जनावरावर राहते आणि रोगाचे जंतू अंड्यांतून पुढल्या पिढीला देते. म्हणून गुरांना ठराविक दिवसांनी औषधाच्या हौदातून पोहत नेणे हा उपाय तेथे लागू पडला. १९०६ साली सुरू झालेली ती मोहीम मेक्सिकोच्या सरहद्दीवरील पट्टा वगळता १९४३ पर्यंत यशस्वी झाली. आपल्याकडे त्याच गटातील गोचीड आहे आणि हायलोमाही आहे. म्हणून नुसती गाय धुऊन आपले भागत नाही.

तेव्हा औषध फवारावयाचे ते गोठ्यातील सर्व जनावरांवर एकाच दिवशी, वासरे, शेळ्या आणि राखणीचा कुत्रासुद्धा धरून. आणि त्याच दिवशी भिंती, गव्हाण व जमिनीवरही. प्रमाण पशुवैद्याने सांगावे तेच. एकच औषध वर्षानुवर्षे पातळ करून वापरल्यामुळे त्याला न जुमानणाऱ्या गोचिडी आपल्या देशात आढळल्या आहेत. भेगा सिमेंटने बुजवाव्यात. दगडी भिंतीच्या सांदी ज्योतीच्या बत्तीने शेकाव्यात, मात्र वैरण दूर नेऊन. गोठ्यात चार कोंबड्या फिरत असल्या तर त्या वेचून खातात, हा आमच्या आजीचा अनुभव आणि शास्त्रालाही तो मान्य आहे. हाताने गोचिडी काढणे मात्र व्यर्थ समजू नये. हायलोमा चिकटल्यावर तिच्या लाळेतील जंतू पक्व होण्यास दोन-तीन दिवस लागतात; रोज तपासणी झाली तर तेवढ्यात तिला गाठता येते. काढलेली गोचीड रॉकेलच्या डब्यात टाकावी, नखाने फोडू नये.

नखाने का नाही, तेही सांगतो. २०११ साली गुजरातेत माणसांना रक्तस्रावी तापाची लागण झाली, तो कांगो ताप हायलोमाच वाहून नेते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात वानरे व माणसे मरू लागली तेव्हा दुसऱ्या एका रानगोचिडीचा शोध लागला. तो माकडताप २०१५ साली गोव्यात सत्तरीत आणि २०१६ साली दोडामार्गात काजूच्या बागांपर्यंत आला. गुरांना तो होत नाही, पण रानात चरणारी गुरे त्या गोचिडींना पोसतात. काजू वेचावयास जाणाऱ्यांनी अंग झाकून जावे, घरी येताच गरम पाण्याने स्नान करावे आणि ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

थायलेरियावर आज ब्युपार्वाक्वोन नावाचे इंजेक्शन आहे. ताप आल्याच्या पहिल्या एकदोन दिवसांत ते मिळाले तर गाय वाचते. संकरित वासरांसाठी लसही निघाली आहे. ती द्रव नायट्रोजनच्या थंडीत ठेवावी लागते, म्हणून आधी पशुवैद्यांकडे चौकशी करावी.

आम्ही त्या वर्षी दिवाळीच्या आत गोठ्याची भिंत खरवडून काढली. एका भेगेतून पसाभर टरफले, अंडी आणि जिवंत गोचिडी निघाल्या. वडील बराच वेळ त्यांकडे पाहत उभे राहिले. ती जुनी गावरान गाय त्यानंतर नऊ वर्षे जगली. पण तिच्या शेजारची दावण तीन वर्षे मोकळीच होती.