यकृताला संधी द्या
(वर्षावासातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजचा माझा विषय आहे यकृत. आपण ज्याला लिव्हर म्हणतो ते. मी काही भाषणे करणारा माणूस नाही, दवाखान्यात काम करणारा आहे. तेव्हा साध्या भाषेत चार उपयोगाच्या गोष्टी सांगतो.

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. वजन साधारण दीड किलो. पित्त तयार करणे, साखर साठवणे, रक्त गोठायला लागणारे पदार्थ बनवणे, औषधे आणि दारू यांचा निचरा करणे, अशी किती तरी कामे ते गुपचूप करते. आणि बिघडले तरी बहुधा दुखत नाही, हाच मोठा धोका. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी साठले, रक्ताची उलटी झाली, तेव्हा आपण धावतो. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो.

बिघाड पायरीपायरीने होतो. आधी यकृतात चरबी साठते. मग सूज येते. मग व्रण पडून ते कडक होऊ लागते आणि शेवटी सिऱ्होसिस होतो. पण बंधुभगिनींनो, पहिल्या पायऱ्यांवरून माणूस परत फिरू शकतो. शरीरातल्या फार थोड्या अवयवांना स्वतःला पुन्हा घडवण्याची अशी ताकद आहे.

पहिले कारण दारू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. आपण ते दर रविवारी म्हणतो, आणि जयंतीच्या मिरवणुकीत काय चालते हेही आपल्याला ठाऊक आहे. मी कुणाला नावे ठेवायला आलो नाही. दिवसभर ओझी वाहणारा माणूस संध्याकाळी गुत्त्याकडे का वळतो, ते मला कळते. पण पन्नाशीच्या आत कर्ता माणूस गेला की मुलीचे शिक्षण थांबते, हेही मी पाहतो. दारूमुळे नुसती चरबी साठली असेल, तर पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांतच ती उतरू लागते. सिऱ्होसिस झाला असला तरी दारू सोडणाऱ्याचे आयुष्य वाढते. ‘आता सोडून काय उपयोग?’ हे म्हणणे खोटे आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, जिवावरही बेतते. दवाखान्यात नेऊन सोडवा.

दुसरे कारण आपल्या घरातलेच. एखाद्या बाईच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आले की कुजबुज सुरू होते, ‘ही तर थेंबही घेत नाही, मग हे कसे?’ अहो, दारूशिवायही यकृतात चरबी साठते. वाढलेले पोट, मधुमेह, गोड चहा, कोल्ड्रिंक, फरसाण, वडापाव आणि बैठे काम, ही त्यामागची कारणे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की सावध व्हावे. हा आजार इतका पसरला आहे की २०२१ साली केंद्र सरकारने तो असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

यावर मुख्य उपाय वजन उतरवणे. क्युबातल्या डॉक्टरांनी २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायाम पाळायला लावले. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे वजन १० टक्के किंवा जास्त उतरले, त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांची यकृताची सूज गेली आणि ४५ टक्के लोकांचे व्रणही कमी झाले. ७० किलोच्या माणसाला १० टक्के म्हणजे ७ किलो. साडेतीन किलो उतरले तरी चरबी कमी होऊ लागते. मात्र उपाशी राहून झटपट उतरवू नका, त्याने यकृताला उलट त्रास होतो.

करायचे काय? चहात साखर निम्मी करा, मग आणखी कमी. बाटलीतली थंड पेये बंद. ताटात भाताचा ढीग कमी करून ज्वारीची भाकरी, मुगा-मटकीची उसळ, पालेभाजी वाढवा. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. घरात एकाला वेगळे पथ्य टिकत नाही, म्हणून सगळ्यांनीच एका चुलीचे खावे.

लिव्हर साफ करणारी म्हणून विकली जाणारी औषधे, काढे मनाने घेऊ नका. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. कावीळ झाली तर मंत्र-गंडे नकोत, रक्त तपासा. हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी करून घ्या. ‘बी’ची लस आहे, बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत द्या.

शेवटी विहार समितीला माझी एक विनंती आहे. वर्षातून एकदा इथेच वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर घ्या. आणि दारू सोडू पाहणारा कुणी आला, तर त्याच्याकडे बोट न दाखवता त्याला शेजारी बसवून घ्या. त्याला तेवढा आधार पुरतो.

 जयभीम! नमो बुद्धाय!